बसवलेला पैलवान

माझ्या विषयात एक प्रश्न दरवर्षी ठरलेला असतो. वेगवेगळ्या व्यायामप्रकारांचा शरीरातल्या ऑक्सिडेटिव्ह ताणावर काय परिणाम होतो, ते सोदाहरण लिहा. बेळगावातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात मी बावीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळं हे उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मुलं मला घाबरतात. अर्धवट उत्तर लिहिलं की पेपर अंगावर फेकणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे. आणि हेच उत्तर माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत मी चुकले. सपशेल चुकले. अण्णा त्यात गेला. हे आधीच सांगून टाकते, आडवळणानं सांगायचा माझा स्वभाव नाही.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. येळ्ळूरचा पैलवान. दहाव्या वर्षी वडिलांनी त्याला गावच्या तालमीत घातलं आणि तो तिथलाच झाला. तिशीत गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा त्यानं लंगोट सोडला, म्हणजे मैदानातली कुस्ती बंद केली. मेहनत मात्र चालूच. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पाळीची नोकरी करून, घरची भातशेती बघून, रोज तालमीत जायचा. खोऱ्यानं तांबडी माती उकरायची, जोर मारायचे, बैठका काढायच्या, नव्या पोरांना डाव दाखवायचे. वहिनी म्हणायची, "ह्येंचं लगीन माझ्यासंगं लागलंय, संसार मातीसंगं." अण्णा त्यावर मिशीत हसायचा. त्याच्या मांड्या बघून माझ्या मैत्रिणी लहानपणी घाबरायच्या.

आमच्या तालमीत एक रीत होती. शनिवार मारुतीचा. त्या दिवशीची मेहनत कुणी चुकवायची नाही. आजारपण असो, लग्न असो, मयत असो. आणि चुकलीच, तर तो खाडा भरून काढायचा, म्हणजे चुकलेल्या शनिवारच्या सगळ्या बैठका पुढच्या खेपेला जादा काढायच्या, मारुतीसमोर. वस्ताद बघायला असो नसो. अण्णाच्या हे इतकं अंगात मुरलं होतं की माझ्या लग्नात, शनिवार होता म्हणून, तो मांडवामागं जाऊन बैठका काढून आला. डोक्याला फेटा तसाच. घामानं फेट्याचा रंग उतरून कपाळावर गुलाबी ओघळ आले होते, आणि सासरचे लोक मला विचारत होते की तुझ्या भावाला काय लागलंय का.

तर असा हा माणूस. रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं, त्याला हार्ट अटॅक आला. गावात सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. पैलवानाला अटॅक? का नाही येणार? ओठाखाली चाळीस वर्षं तंबाखूची चिमूट, फाउंड्रीतली धग आणि धूर, आणि वडील गेले ते त्याच दुखण्यानं. मी लोकांना हे समजावून समजावून थकले. बेळगावात दवाखान्यात नेलं, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवला, पाचव्या दिवशी घरी सोडलं.

सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. पहिला आठवडा घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं चालणं, दोनदा. मग दहा मिनिटं. मग रस्त्यावर. दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत. दम लागला तर थांबायचं, बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं. मी शिकवते तेच सगळं, शब्दाला शब्द. डॉक्टर ओळखीचे, त्यांच्याकडं माझ्याच दोन विद्यार्थिनी कामाला. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मी काय सांगायचं? तुम्हीच आम्हाला शिकवाल." सगळे हसले. मीही हसले, जरा फुशारकीनंच.

वहिनीला म्हशी, भात, घर सोडून येता येत नव्हतं. म्हणून अण्णाला मी माझ्या घरी, वडगावात ठेवून घेतलं. घरात मी आणि नवरा, दोघंच. शेजारी विणकरांची घरं, दिवसभर मागांची खडखड. अण्णाला ती आवडायची. म्हणायचा, "कुणीतरी मेहनत करतंय असं वाटतंय बघ."

पहिले नऊ-दहा दिवस सगळं कागदाप्रमाणं चाललं. अंगणात तो फेऱ्या घालायचा आणि मी पायरीवर बसून घड्याळ बघायची.

"ह्यो व्यायाम व्हय गं, मास्तरीणबाई?" तो म्हणायचा. लहानपणापासून मला मास्तरीणबाईच म्हणायचा, नोकरी लागायच्या आधीपासून. "म्हशीला पाण्यावर न्यायचं काम हाय हे."

"चाल गप्प."

"चालतोय की. बोलता येईल इतक्याच येगानं चालायचंय न्हवं? मग बोलतोय."

एकदा पायरीवर टेकल्यावर त्यानं विचारलं, तू पोरांना काय शिकवतीस नेमकं. मी वहीशिवाय, फळ्याशिवाय त्याला सांगितलं. श्वासातला ऑक्सिजन घेऊन शरीर आत जाळ करतं. त्या जाळावरच आपण चालतो, उठतो, कुस्ती खेळतो. जाळ म्हटला की थोड्या ठिणग्या उडणारच. त्या ठिणग्या पेशींना चटके देतात. त्या विझवायला शरीरानं स्वतःची माणसं ठेवलेली असतात, त्यांना अँटीऑक्सिडंट म्हणायचं. रोज बेताचा जाळ केला, थोडा थोडा वाढवत नेला, की ती माणसं वाढतात, कामाला तयार होतात. सवय नसताना एकदम भडका केला तर माणसं कमी पडतात आणि नुकसान होतं. आणि विश्रांती न घेता रोज मरमर मेहनत केली तरी ती थकतात.

अण्णानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हंजी नव्या पोराला पयल्याच दिशी पाचशे बैठका सांगितल्या तर पोरगं चार दिवस परसाकडंला बसू शकत न्हाय. आनि रोज धा-धा वाढवल्या तर वरसात हजार काढतंय."

"तेच ते."

"ह्येच्यासाठी तू एवढी वरसं शिकलीस?"

मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो लई हसला. त्याला सगळं कळलं होतं, माझ्या हुशार मुलांपेक्षा चांगलं कळलं होतं. आणि तरी त्यानं जे करायचं ते केलंच.

तो शनिवार होता. कॉलेज अर्धा दिवस. मी दुपारी घरी आले तर अण्णा खोलीत नाही. परसात गेले. भिंतीवरच्या खिळ्याला त्यानं कॅलेंडरातला मारुती टांगला होता, खाली उदबत्ती विझलेली. आणि भिंतीला पाठ लावून हा बसलेला, चेहरा राखेसारखा, घामानं बनियन अंगाला चिकटलेला. दवाखान्यातला एक शनिवार आणि त्यानंतरचा एक, असे दोन खाडे त्याला भरून काढायचे होते. शिवाय त्या दिवसाच्या वेगळ्या.

"एकशेधा झाल्यात," तो म्हणाला. "बाकीच्या सांजच्याला काढतो. तू घाबरू नगंस."

नवऱ्याला फोन केला, रिक्षा बोलावली, परत तोच दवाखाना. वाटेत मी त्याला काय काय बोलले, ते लिहायची लाज वाटते. मेला असतास म्हणजे मारुती आला असता का खांदा द्यायला, असंही बोलले. तो डोळे मिटून ऐकत होता.

नशीब, काही झालं नव्हतं. दोन दिवस ठेवून घेतलं, तपासण्या केल्या, घरी पाठवलं. डॉक्टर अण्णाला रागावले आणि मग मला म्हणाले, "असली जोराची मेहनत आता नाही म्हणजे नाही. पण चालणं मात्र थांबवू नका." ह्यातलं पहिलं वाक्य मी घरी आणलं. दुसरं तिथंच दवाखान्यात ठेवून आले.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. मी ताक बंदच करून टाकलं. अचानक काढलेल्या शंभर बैठका आणि रोजचं दहा मिनिटांचं चालणं, ह्या दोन्हींचा शरीरावर अगदी उलटा परिणाम होतो, हे मी फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी काढून दाखवते. आणि घरी? घरी दोन्हीला एकच कुलूप. त्याचा तो राखेसारखा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तो खुर्चीतून उठला की मी समोर उभी. "कुठं चाललास?" "पाणी प्यायला." "मी आणते, बस." हे दिवसातून वीस वेळा. मी कॉलेजात असले की शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगायची. फाटकाला कुलूप लावून जायची. खरं सांगते, लावून जायची.

आणि चालण्याच्या बदल्यात मी त्याला काय दिलं? गोळ्या. सी जीवनसत्त्वाच्या, ई जीवनसत्त्वाच्या, डाळिंबाचं चित्र असलेल्या कॅप्सूल. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या वर ह्या माझ्या. सकाळी आवळ्याचा रस, दुपारी बीट, संध्याकाळी ग्रीन टी. शरीरानं जी माणसं स्वतः तयार करायची, ती मी बाहेरून आणून भरत होते. बाहेरून ढीगभर मदत ओतली की शरीर स्वतःची ताकद वाढवायचं काम आळसानं करू लागतं, हेही मला माहीत होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण आमच्या आईची, पण तिला काय ठाऊक की ती आपल्या लेकीलाच लागू पडणार आहे.

"ह्ये हिरवं पानी कशाचं?" अण्णा विचारायचा.

"पी. आतला गंज जातो."

"आगं, गंज बसलेल्या लोखंडालाच चढतोय. मला जरा हलू तर दे."

फाउंड्रीत आयुष्य गेलेला माणूस तो, लोखंडाबद्दल तो बोलायचा ते खरंच असायचं. मी पेला त्याच्या हातात कोंबायची.

तीन महिन्यांत त्याच्या पोटऱ्या गेल्या. मी रविवारी त्याच्या पायांना तेल लावायची. हातात कातडं यायचं, त्याखाली मांस म्हणून काही राहिलं नव्हतं. मला ते दिसत होतं, कळत होतं, आणि मी त्याला नाव ठेवलं अशक्तपणा, आणि अशक्तपणावर उपाय काय तर आणखी विश्रांती. अण्णाही आता कमी बोलायला लागला. मागांची खडखड चालू असायची आणि हा खिडकीत बसून असायचा. रविवारी वहिनी येळ्ळूरहून यायची, डब्यात तांदळाच्या भाकरी आणि मसुऱ्याची आमटी घेऊन. त्याला बघून तिचे डोळे भरायचे. "लई वाळलंय वो," म्हणायची. मग लगेच माझ्याकडं वळून म्हणायची, "पर वन्सं, तुम्ही हाय म्हून तरी जिवंत हाईत. मी असतो तर त्येंनी माझं ऐकलं असतं व्हय?"

एक किल्ली शेजारच्या काकूंकडं असायची. एकदा दुपारी त्याला बघून जाताना त्या कुलूप लावायला विसरल्या. मी कॉलेजातून आले तर अण्णा गल्लीच्या टोकाला, एका विणकराच्या दारात उभा. माग बघत होता. मोजून ऐंशी-नव्वद पावलांवर. मी तिथं, चारचौघांत, त्याला फाडून खाल्लं. "तुला मरायचंय का? मला कामधंदा नाही का दुसरा? उठसूट तुझ्यामागं पळू का मी?" विणकर बिचारा माग थांबवून बघत राहिला. अण्णानं मान खाली घातली. साठीला आलेला, सगळं गाव ज्याला वाट सोडून देत होतं असा माणूस. म्हणाला, "चुकलो गं बाई. चल." आणि माझा हात धरून घरी आला. वाटेत दोनदा थांबला दम घ्यायला. मला वाटलं, बघ, मी म्हणत होते ना, ह्याला झेपत नाही.

सहावा महिना लागला तेव्हा वर्गात तो धडा आला. दरवर्षीप्रमाणं मी फळ्याचे तीन भाग केले. अचानक केलेला जोराचा व्यायाम, ताण वाढतो. नियमित, बेताबेतानं वाढवलेला व्यायाम, शरीराची स्वतःची अँटीऑक्सिडंट ताकद वाढते, पुढं तेवढंच काम केलं तर ताण कमी होतो. अति मेहनत आणि विश्रांती नाही, ताकद परत घसरते. मागच्या बाकावरची खानापूरकडची एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, तिनं हात वर केला.

"मॅडम, आणि कोणताच व्यायाम केला नाही तर? म्हणजे हार्टच्या पेशंटला घाबरून बसवूनच ठेवलं तर?"

माझ्या तोंडातून उत्तर खडाखडा निघालं. इतक्या वर्षांचा सराव. "मग त्याची ढाल तुम्हीच काढून घेतली. अशा शरीराला साधा जिनासुद्धा अचानक केलेल्या जोराच्या व्यायामासारखा पडतो. जी गोष्ट आधी काहीच नव्हती, तीच त्याच्यासाठी भडका होते. हे कधीही करायचं नाही. लिहून घ्या."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. माझा खडू हातात तसाच. मुलांनी लिहिलं आणि परत वर बघितलं, आणि मी फळ्याकडंच बघत होते. पुढच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, बरं नाही का?" मी म्हटलं, वर्ग सुटला. कधी नव्हे ते वीस मिनिटं आधी वर्ग सोडला.

घरी आले. फाटकाचं कुलूप काढलं. अण्णा खिडकीतच होता. मी त्याच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "अण्णा, माझं चुकलं. लई चुकलं. उद्यापासून आपण चालायचं. पाच मिनिटांपासून परत सुरुवात."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता रागावेल. रागवायला हवं होतं त्यानं. तो म्हणाला, "मग मी घरलाच जातो की. हितं अंगणात फिरण्यापरीस तितं तालमीपातूर फिरतो. माती न्हाई उकरत, शपत. नुसता बसून पोरांचं बघतो."

मी होय म्हटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या कुठल्या मागणीला होय म्हटलं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले जाऊ द्या, हळूहळू चालू द्या. हळूहळू. वहिनीला कळवलं. ती म्हणाली पुरणपोळ्या करते. दोन दिवसांनी सकाळी निघायचं ठरलं.

मी रिक्षा सांगणार होते. अण्णा म्हणाला, "रिक्षा नगं. बसनं जाऊ. स्टॉपापातूर तरी पाय हलतील." मी कबूल झाले. किती दिवसांनी तो मला काही मागत होता आणि मला ते देता येत होतं, त्याचंच मला सुख वाटत होतं. त्यानं पांढरी पँट घातली, कमरेला ढगळ झालेली, पट्ट्याला वहिनीनं नवीन भोक पाडून दिलं होतं. टोपी घातली. विणकराच्या दारात थांबून म्हणाला, "येतो बरं का." विणकरानं माग थांबवला आणि हात जोडले.

आम्ही हळूहळू चाललो. औषधांची पिशवी, कपड्यांची पिशवी, दोन्ही माझ्याकडं. स्टॉप समोर दिसायला लागला, तेवढ्यात मागून येळ्ळूरची बस आली आणि आमच्या पुढं जाऊन स्टॉपवर थांबली. दोन-चार माणसं चढली. कंडक्टर कानडीत घाई करत होता. पुढची बस तासाभरानं. मी ओझ्यानं मागं पडले होते. आजूबाजूला मोटारसायकलींची गर्दी.

अण्णा म्हणाला, "तू ये सावकाश. मी थांबवतो त्येला."

आणि पळाला. मी "अण्णा!" म्हणून ओरडले, पण तो गेलाच. पंचवीस-तीस पावलं असतील. त्याच्या तरुणपणी ती पावलं म्हणजे काहीच नव्हती. त्यानं बसच्या दाराचा दांडा धरला, कंडक्टरला काहीतरी सांगितलं, वळून माझ्याकडं बघितलं आणि हात केला, थांबलीय बघ, म्हणून. हसत होता. मग दांड्याचा हात सुटला आणि तो पायरीला टेकून खाली बसला. मी पिशव्या टाकून धावले. लोकांनी त्याला आडवं केलं, मी छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, जे शिकवते ते सगळं केलं. कुणीतरी गाडी थांबवली. दवाखान्यात पोचेपर्यंत मी थांबले नाही. डॉक्टरांनी माझे हात धरून बाजूला केले तेव्हा थांबले.

वहिनी येळ्ळूरहून आली तेव्हा सगळं संपलं होतं. हाताला पुरणाचा वास येत होता तिच्या. डॉक्टर तिला समजावून सांगत होते आणि सांगता सांगता त्यांनी सहज विचारलं, "रोज किती चालायचे ते?"

वहिनी डोळे पुसत म्हणाली, "न्हाय वो डॉक्टर. आमच्या वन्संनी त्यास्नी पाऊलसुदिक उचलू दिलं न्हाय. सा महिने. तळहातावर ठेवलं बघा माझ्या मालकाला."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, क्षणभर. मग ते कागदांकडं वळले.

नंतर मी त्यांना एकटी जाऊन भेटले. विचारलं, चालला असता तर वाचला असता का. ते म्हणाले, मॅडम, असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, त्याचं हृदय आधीच खराब होतं, उद्याही झालं असतं. चांगले आहेत बिचारे. पण मला विषय कळतो. शक्यता कुठल्या बाजूला झुकते ते मला कळतं. अजाण माणसानं हे केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं.

दहाव्याला, तेराव्याला, महिन्याच्या श्राद्धाला, जो येईल त्याला वहिनी तेच सांगायची. वन्संनी लई जपलं. पाऊल उचलू दिलं न्हाय. पाणी जागेवर दिलं. फळांचे रस, महागाच्या गोळ्या. बायका माझ्याकडं बघून म्हणायच्या, भण असावी तर अशी. तालमीतले म्हातारे पैलवान आले, त्यांनीही मला हात जोडले. मला त्या प्रत्येक हात जोडण्याचा राग यायचा. वाटायचं, ओरडून सांगावं. पण लोकांसमोर माझी जीभ रेटायची नाही. कॉलेजात तो धडा मी दुसऱ्या बाईंकडं दिला. कारण विचारलं तर काहीतरी थाप मारली.

असं वर्ष गेलं. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले. दुपारी ओसरीवर वहिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती, आणि मी तिच्यासमोर. परत तिनं तेच सुरू केलं, वन्सं, तुमच्यावानी कोन करतंय. आणि मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "वहिनी, मी जपलं नाही. मी त्याला मारलं." आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. कागद दिला होता, मी तो कपाटात ठेवून दिला. दुसऱ्यांदाही सांगितलं, चालणं थांबवू नका. मी घाबरून त्याला बसवला. कुलूप लावत होते. बसवल्यामुळं त्याच्या शरीरातली होती नव्हती ती ताकद गेली, म्हणून ती तीस पावलं त्याला झेपली नाहीत. आणि हे सगळं मला ठाऊक होतं, वहिनी. पोरांना मीच शिकवते.

सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं. मी वाट बघत होते, ती रडेल, मला शिव्या देईल, कदाचित जवळ घेईल.

वहिनीचे हात सुपात तसेच थांबले होते. तिनं आवाज चढवला नाही.

"कशाला सांगितलासा, वन्सं?"

मी काही म्हणणार, तेवढ्यात ती पुढं बोलली, "वरीसभर मी येकच धरून बसलोय. मानूस गेला, पर जपलेला मानूस गेला. हेळसांडीनं न्हाय गेला. मी हितं म्हशीत आनि शेतात हुतो, पर त्येंच्याजवळ त्येंची भण हुती. येवढंच हुतं माझ्याजवळ. त्ये बी घेतलासा."

तिनं सूप उचललं, निवडलेले तांदूळ डब्यात ओतले, खडे अंगणात फेकले. पदरानं हात पुसले.

"चा ठेवतो," म्हणाली आणि आत गेली.

मी ओसरीवर बसून होते. उन्हं खाली आली, म्हशी गोठ्यात आल्या, बसची वेळ झाली. चहा काही आला नाही.